भिंतीतला पिंपळ

पिंपळ तोडणं पाप, पण त्याच्या मुळाशी हिंग भरणं पाप नाही, हा शोध शिरपूरकडच्या गावांत पहिल्यांदा कोणी लावला हे कळायला मार्ग नाही; माणूस मात्र वकिली डोक्याचा असला पाहिजे. भिंतीत, विहिरीत, देवळाच्या कळसावर पिंपळ उगवला की कोणी कुऱ्हाड उचलत नाही. गुपचूप हिंगाची पुडी आणतात, मुळाला भोक पाडून आत दाबतात, वरून चिखलाचा गोळा लावतात. महिन्याभरात झाड वाळतं आणि घरातली माणसं एकमेकांना सांगतात, बिचारं आपोआपच गेलं.

राजूनेही अशी एक पुडी आणून फडताळात ठेवली होती. त्याच्या आईला, तुळसाबाईला, ती मिठाचा डबा शोधताना सापडली. भाजीला चिमूटभर हिंग पुरतो, एवढी मोठी पुडी स्वयंपाकासाठी कोणी आणत नाही. पुडी हातात घेऊन ती तशीच ओसरीवर आली आणि समोरच्या गोठ्याच्या भिंतीकडे बघत राहिली.

भिंत दगडमातीची, सासऱ्याच्या काळातली. तिच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, दोन दगडांच्या फटीतून पिंपळ निघाला होता. खोड मनगटाएवढं, उंची दीड-दोन हात. पण आत त्याने काय काय उद्योग केले होते ते बाहेरून दिसत होतं: भिंतीला पोट सुटलं होतं, चीर वरपासून खालपर्यंत गेली होती आणि त्या चिरेखालीच गाय बांधलेली असायची. राजूचं म्हणणं खोटं नव्हतं. भिंत पाडून विटांची नवी घालायची, आणि त्याआधी झाड वाळलेलं बरं, म्हणजे तोडल्याचा दोष नको.

सगळं बरोबर होतं. फक्त ओसरीवरच्या खाटेवर रामराव होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरलं ते डाव्या हातातलं थोडं बळ, घशातला एक 'हां', आणि डोळे. गावगाड्यात चार माणसांचा आवाज एकट्याच्या गळ्यात घेऊन फिरणारा हा माणूस आता दिवसभर समोर बघायचा, आणि समोर होता पिंपळ. वारा नसला तरी पिंपळाची पानं हलतात. पानं हलली की रामरावांचं डाव्या हाताचं एक बोट गोधडीवर हलायचं. हे राजूला माहीत नव्हतं, सुनेला, वैजयंतीलाही नव्हतं. तुळसाबाईला होतं. खरं सांगायचं तर तिला त्या झाडाचा थोडा हेवाच वाटायचा. दोन वर्षं हगणंमुतणं काढते मी, आणि बघतात त्याच्याकडे, असं मनात यायचं. पण ते बोट हलायचं थांबलं तर काय, याची भीती हेव्यापेक्षा मोठी होती. हा माणूस जगतोय तो त्या पानांच्या भरवशावर, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने पुडी कमरेला खोचली आणि देवमनच्या घरी गेली.

देवमन रामरावांच्या वर्गातला. तीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत पिशव्या भरण्यापासून मुकादमीपर्यंत सगळं करून निवृत्त झालेला. विहारामागे त्याचं घर, आणि अंगणात गुडघ्याएवढे वड, उंबर, चिंचा. कोणी फुटक्या घमेल्यात, कोणी जुन्या कढईत. साऱ्यांची मुळं छाटून छाटून त्याने त्यांना बसकं ठेवलं होतं. त्याची बायको लिलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोकं झाडं वाढोतात, आमचे हे झाडं कमी करतात." भिंतीतले पिंपळ काढून आणणं हा त्याचा आवडता धंदा. त्याच्या लेखी तो बोधीवृक्ष. तुळसाबाईच्या घरी कारण वेगळं, याच्या घरी वेगळं, पण झाड मारायला हात कोणाचाच उठत नव्हता. फरक एवढाच की देवमनच्या फडताळात हिंगाची पुडी नव्हती.

"देवमनभाऊ, भिंतीतला पिंपय जित्ता काहाडता येईन काय?"

"कोनाच्या भिंतीतला?"

"आमच्या. यायच्या खाटीसमोरचा."

देवमनने हातातली कात्री, रोपवाटिकेत जिला सिकेटर म्हणतात ती, धोतराला पुसली आणि उठला. रामरावांच्या खाटेसमोरचा, म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

शिडी लावून त्याने खोड चाचपलं, फटीत बोट घालून पाहिलं. खाली राजू उभा होता, हाताची घडी घालून.

"मूय भिंतीच्या पोटात हाये," देवमन म्हणाला. "भिंतीतून काहाडलेलं झाड दहातून चारच वेळा जगते. त्यापेक्षा याले वरच मुया फोडू. गुटी बांधू. मुया फुटल्या का खालून कापून घेऊ, मंग तुमी भिंतीचं काईबी करा."

"किती दिस, काका?"

"दोन महिने धर."

राजूने हिशोब केला. पोळा नुकताच झाला होता. "भाऊबीज झाली का खेमा मिस्त्री येनार हाये. त्याच्यावर एक दिस मी थांबत नाई. उद्या गायीवर भिंत पडली तं?"

"आनि हे?" तुळसाबाईने कमरेची पुडी काढून दाखवली.

राजूने मान खाली घातली. "भाजीत घाल," तो म्हणाला.

मग देवमनने चाकूने खोडाला, भिंतीपासून चार बोटं वर, गोल चीर दिली. दोन बोटांवर दुसरी चीर, आणि मधल्या सालीला एक उभा छेद देऊन ती अख्ख्या बांगडीसारखी उतरवली. आतलं लाकूड ओलं, पांढरं, उघडं पडलं. सालीच्या दोन्ही कडांवरून चीक ओघळायला लागला. शिडी धरून उभी तुळसाबाई ते बघत होती. देवमनने ती साल खाली टाकली, उघड्या लाकडाभोवती भिजवलेला नारळाचा काथ्या आणि शेणमातीचा गोळा लावला, वरून प्लास्टिक गुंडाळलं, सुतळीने दोन्ही तोंडं आवळली.

"आता याले कोनी उघडून पाहाचं नाई," तो खाली उतरत म्हणाला. "भाजी शिजली का नाई म्हून झाकन उघडतो, तसं तं बिलकूल नाई."

तो गेला, राजू वावरात गेला. तुळसाबाई मात्र तिथेच होती. पायाशी ती साल पडली होती, आतून अजून ओलसर.

आता तिची बाजूही समजून घेतली पाहिजे. झोपून झोपून रामरावांच्या पाठीला मुठीएवढी जखम पडली होती. मालेगावच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तुळसाबाईने खोबरेल तेलात हळद कालवून, मऊ फडकं लावून, सहा महिन्यांत ती जखम बुजवली, आणि त्याच डॉक्टरांनी तिला विचारलं की आजी, तुम्ही केलं तरी काय. तेव्हापासून उघडी जखम आणि हळद, याच्या पलीकडे तिच्या डोक्यात तिसरी गोष्ट येतच नसे. समोर एक जिवंत झाड सोललेलं आहे, त्याचं दूध गळतंय, आणि त्यावर कोणी शेणमाती थापून गेलंय, हे तिला बघवेना.

तिने साल उचलून तांब्यातल्या पाण्यात टाकली. हळद कालवली. साठी उलटलेली बाई शिडीवर चढली, सुतळी सोडली, माती हलकेच बाजूला केली, लाकूड पाण्याने पुसलं आणि ती साल जिथली तिथे नीट बसवली. कडांना हळद भरली, जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली, आणि वर देवमनचा सगळा संसार पहिल्यासारखा लावून दिला. उतरली तेव्हा तिला फार बरं वाटलं. देवमनला सांगितलं नाही, कारण तो रागावला असता. शिवाय तिला वाटत होतं की आपण त्याच्या कामाला हातभारच लावला.

दोन महिने झाड टवटवीत राहिलं. देवमन येता-जाता खालूनच पानं बघायचा आणि मान डोलवायचा, पण मनातून त्याला जरा नवल वाटत असावं, कारण गुटी बांधलेल्या झाडाची पानं थोडी तरी मलूल होतात. रामरावांचं बोट गोधडीवर हलत होतं. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, वैजयंती माहेरून भाऊबीज करून परत आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खेमा मिस्त्री सब्बल, म्हणजे पहार, घेऊन हजर झाला. देवमन करवत घेऊन आला. शिडीवर चढून त्याने सुतळी कापली, प्लास्टिक सोडलं. शेणमातीचा गोळा सुकून खडखडीत झाला होता. तो फोडल्यावर आत पांढऱ्या मुळांची जाळी दिसायला हवी होती. दिसली ती पिवळी चिंधी. देवमनने ती उलगडली. खाली साल एकसंध जुळून आली होती, कडांना फक्त एक जाडसर वळ.

देवमनने त्या वळावरून अंगठा फिरवला. मग शिडीवरूनच त्याने तुळसाबाईकडे पाहिलं.

"वयनी," तो हळू म्हणाला, "तुमी तं याले बरं करून टाकलं."

"म्हंजे? चांगलं नाई झालं?"

"वरची पानं जे कमावतात ते सालीतून खाली जाते. ती वाट आपन तोडतो, म्हून ते तथीच अडकते आन् झाड तथी मुया फोडते. तुमी वाट जोडून देल्ली. मंग त्याले काय गरज पडली मुया फोडाची?"

तुळसाबाई शिडीच्या पायाशी बसली. तिला सगळं एकदम कळलं. हिंगापासून वाचवलं, पोराशी वाद घातला, दोन महिने मागून घेतले, आणि झाड मारलं ते आपल्याच हाताने, तेही माया करून. पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. "मले वाटलं दुखत असन त्याले," एवढंच ती म्हणत होती. देवमन शिडीवरून उतरून तिच्याजवळ बसला.

खेमाला दुसऱ्या गावचं काम होतं. "मंग चालवू का सब्बल?" त्याने राजूला विचारलं.

राजू उत्तर द्यायला वळला आणि त्याची नजर ओसरीकडे गेली. रामरावांनी मान उशीवरून उचलली होती. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि डोळे भिंतीवर होते. गेल्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून एवढी मान उचललेली राजूने पाहिली नव्हती. आज वावरात जायची घाई नसल्यामुळे तो तिथे इतका वेळ उभा होता, म्हणून त्याला दिसलं.

"सब्बल ठेव," राजू म्हणाला.

"आँ?"

"हातानं काहाडू. एकेक दगड. वरून."

"अख्खा दिस जाईन, राजूभाऊ."

"जाऊ दे."

आणि अख्खा दिवस गेला. राजू आणि खेमा भिंतीवर बसून दगड उतरवत होते, देवमन बांबूच्या काडीने फटीतली माती उकरत होता, वैजयंती गाय दुसरीकडे बांधून दगड वाहून नेत होती. मूळ भिंतीतून चार हात खाली गेलेलं निघालं. दगडांमध्ये दबून ते पट्ट्यासारखं चपटं झालं होतं, आणि जिथे जिथे वाट मिळाली तिथे वळलं होतं. दुपार कलली तेव्हा ते सगळं पिंपळासकट अंगणात ओल्या पोत्यावर आडवं पडलं. खेमा पहिल्यांदा कुरकुरत होता, शेवटी तोच म्हणाला, सब्बल चालवून एवढं मूळ माझ्या बापाच्यानंही अख्खं निघालं नसतं.

देवमनने सिकेटर तुळसाबाईपुढे धरली. "कापा."

"मी?"

"तुमीच. हे जाड मूय नुसतं धरून ठेवाले असते. आता धराले भिंतच नाई राह्यली. पोट भरते ते हे केसावानी बारीक. बारीक राहू द्या, जाड कापा."

तिने सिकेटर घेतली, पण उघडली नाही. "आनखी जखमा?"

"हळदीबिगर," देवमन म्हणाला.

तिने कापलं. चार हातांचं मूळ वीतभर उरलं. जाड भागाला देवमनने करवत लावली, तिने बारीक मुळं बोटांनी मोकळी केली. मग देवमनने एकूण एक पान खुडून टाकलं, कारण एवढ्याशा मुळांना तेवढ्या पानांची तहान भागवता येणार नव्हती. खेमाचं एक गंजकं घमेलं, त्याला खिळ्याने पाडलेली भोकं, विटांचा चुरा, नाल्याची वाळू, कुजलेलं शेणखत. त्यात पिंपळ बसवून हलू नये म्हणून तारेने बांधला. उरलं काय, तर घमेल्यात रोवलेला एक उघडा सोटा. ते घमेलं स्टुलावर ठेवून रामरावांच्या डाव्या हाताला, खाटेला लागूनच मांडलं.

रामरावांनी त्या सोट्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जिथे भिंत होती तिथे खेमाने आठ दिवसांत विटांची सरळ भिंत उभी केली, प्लास्टर मारलं. रामराव तिकडेही बघेनात. ओसरीच्या कुडाकडे तोंड करून पडून राहायचे. दूधभाकरीचे दोन घास झाले की ओठ मिटून घ्यायचे. बोट गोधडीवर पडून असायचं. ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते आपणच केलं, असं तुळसाबाईला दिवसातून दहा वेळा वाटायचं. देवमन दर तिसऱ्या दिवशी यायचा, खोडावर नखाने जरासं खरवडायचा. "हिरवं हाये," म्हणायचा. मग रामरावांच्या पायाशी बसून जुन्या मास्तरांच्या नकला करायचा. रामराव डोळे मिटून घ्यायचे. थंडी पडायला लागली होती आणि थंडीत पिंपळ फुटायला मागत नाही, हे देवमनने तुळसाबाईला सांगितलं नाही, पण लिलाबाईकडून तिला कळलंच.

ती मात्र नेमाने पाणी घालत राहिली. पहिल्यांदा नवऱ्याचं तोंड पुसायचं, मग त्याच फडक्याने नाही, दुसऱ्या ओल्या फडक्याने, खोड. आता जखमांना हात लावायचा नाही एवढं ती शिकली होती. झाडाशी बोलायची मात्र. "माह्यं चुकलं," ती म्हणायची. ते झाडाला होतं की नवऱ्याला, तिचं तिलाही ठाऊक नसेल.

एका सकाळी फडकं फिरवताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. शेंड्याजवळ लालसर टोक निघालं होतं. तीन दिवसांत ते उलगडलं. तांबूस, तुकतुकीत, नखापेक्षा थोडं मोठं, लांब शेपटीचं एकच पान. खाली आणखी दोन डोळे फुगलेले दिसत होते. देवमन बघायला आला आणि लहान मुलासारखा हसला. "पयलं पान हाये," त्याने बजावलं. "याले कोनी हात लावाचा नाई. वयनी, तुमीबी नाई."

तुळसाबाईने खाट जरा फिरवून घेतली, म्हणजे तोंड वळवायचं तर रामरावांना झाडाकडेच वळवावं लागेल. त्यांच्या अंगावर सकाळचं ऊन पडलं होतं. ती आत जाऊन पेज घेऊन आली.

उंबऱ्यातच तिचे पाय थांबले. रामरावांचा डावा हात खाटेबाहेर, घमेल्यावर होता. बोटं चाचपत चाचपत शेंड्यापर्यंत गेली आणि त्यांनी ते पान खुडलं.

तिच्या तोंडात शब्द आले होते. महिनाभर पाणी घातलं, महिनाभर रडले, आणि तुम्ही हे केलंत. असं खूप काही. पेजेचा वाडगा तिने खाली ठेवला आणि तरातरा खाटेशी गेली.

रामरावांनी हात तिच्यापुढे केला. दोन बोटांत ते पान होतं, देठाला चिकाचा थेंब होता. दोन वर्षांत या हाताने तिच्याकडून पाणी घेतलं, औषध घेतलं, घास घेतला. दिलं काही नव्हतं. द्यायला त्याच्या आवाक्यात काही नव्हतंच.

तिने तळहात पुढे केला. त्यांनी पान त्यावर ठेवलं, मग तिची बोटं एकेक करून मिटायला लागले. एका हाताने ते जमत नव्हतं, चौथ्या बोटाशी पहिलं परत उघडत होतं, तरी ते मिटत राहिले. तुळसाबाई तशीच उभी राहिली. तिने वर पाहिलं. रामराव झाडाकडे बघत नव्हते.